पाणी नका बदलू, पानं वाढू द्या

चार वर्षांपूर्वी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी आमचं तळं घासूनपुसून लख्ख केलं. तळं म्हणजे फार काही नाही. मुलुंडला आमचं तळमजल्याचं घर, स्वयंपाकघराच्या मागे पूर्वी धुण्याचा दगड होता तेवढी जागा. तिथे सहा फूट बाय चार फूट, दोन फूट खोल असा हौद बांधून घेतलाय, त्यात पाण्यातली लिली आणि गप्पी मासे. पाणी हिरवं झालं होतं आणि सणाला पाहुणे येणार होते. मी बादल्या भरभरून सगळं पाणी उपसलं, तळाचा गाळ खरवडला, भिंती ब्रशने घासल्या आणि नळाला पाणी आल्याबरोबर हौद काठोकाठ भरला. पाडव्याच्या सकाळी पाणी इतकं नितळ होतं की तळाचा खडा अन् खडा दिसत होता. संध्याकाळपर्यंत अर्धे गप्पी मासे पोट वर करून तरंगत होते. आणि दहा दिवसांत पाणी परत हिरवं, आधीपेक्षा गडद.

मासे का मेले ते पुढे सांगतो. आधी हिरव्या पाण्याचं बघू, कारण लिली लावणाऱ्या प्रत्येकाची पहिली तक्रार हीच असते.

हिरवं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरा. ग्लास तासभर ठेवला तरी तळाशी काही बसत नाही, फडक्याने गाळलं तरी रंग जात नाही. कारण ती घाण नाहीच. ते एकपेशीय शेवाळ असतं, डोळ्यांना एकेकटं न दिसणारं, पाण्यात मोकळं तरंगणारं. त्याला जगायला दोनच गोष्टी लागतात: ऊन, आणि पाण्यात विरघळलेलं नत्र-स्फुरद, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. नत्र येतं माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून, स्फुरद येतो कुंडीतल्या मातीतून आणि आपण हौसेने टाकलेल्या खतातून. पाणी कोमट असलं की हे शेवाळ एका दिवसात दुप्पट होऊ शकतं. मुंबईत पाणी कोमट नसतं असे दिवस किती? बोटावर मोजण्याइतके.

आता लिलीकडे बघा. तिलाही तेच ऊन हवं, तेच नत्र-स्फुरद हवं. पण तिचा कारभार सावकाश. कंदातून कोवळं पान निघणार, गुंडाळी करून देठावर वर येणार, पृष्ठभागावर आलं की उलगडणार. आठवडा सहज जातो. म्हणजे तळ्यात ससा आणि कासव यांची शर्यत चालू आहे. त्या गोष्टीत कासव जिंकतं, कारण शर्यत पुरेशी लांब असते. आपण दर पंधरा दिवसांनी पाणी उपसून दोघांना परत सुरुवातीच्या रेषेवर उभं केलं, तर दर वेळी ससाच जिंकणार. मी वर्षभर नेमकं हेच करत होतो.

कासवाला जिंकू द्यायचं म्हणजे पानांनी पाण्याचा पृष्ठभाग झाकू द्यायचा. साधारण साठ टक्के पृष्ठभाग पानाखाली गेला की खाली ऊन पोचत नाही आणि शेवाळ आपोआप ओसरतं. आमच्या चोवीस चौरस फुटांच्या हौदात चौदा-पंधरा चौरस फूट. दोन बऱ्या वाढलेल्या लिली तेवढं सहज करतात. नव्या तळ्यात त्याला महिना-दीड महिना लागतो आणि तेवढा काळ पाणी मटार उसळीच्या रश्शासारखं दिसतं. दिसू द्यावं. हायड्रिलासारख्या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या दोन जुड्या तळाशी सोडल्या तर त्या विरघळलेलं नत्र ओढून घेतात आणि मदत होते. क्रॉफर्ड मार्केटला माशांच्या दुकानांत अशा जुड्या मिळतात. शेवाळ मारायची औषधं मात्र मी वापरत नाही. मेलेलं शेवाळ तिथेच कुजतं आणि पुढच्या शेवाळाचं खत होतं.

थोडक्यात, तळं आपण सांभाळतो आणि त्यात लिली राहते, ही समजूत उलटी आहे. लिली तळं सांभाळते. आपण लिलीच्या पानांकडे लक्ष द्यायचं.

पानं कशी चालतात

लिलीचं पान काढाल तेव्हा त्याचा देठ एकदा आडवा कापून बघा. आत पोकळ नळ्या दिसतील. देठाचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकलं तर बुडबुडे निघतात. आमच्या सोसायटीतल्या पोरांचा हा आवडता उद्योग आहे. या नळ्या कशाला? कंद आणि मुळं जिथे असतात त्या चिखलात हवा नसतेच. मुळांना प्राणवायू वरूनच पुरवावा लागतो. जॉन डेसी या संशोधकाने १९८० मध्ये लिलीच्याच घराण्यातल्या पिवळ्या न्यूफारवर दाखवलं, की उन्हाने तापलेल्या कोवळ्या पानांत हवेचा दाब किंचित वाढतो, ती हवा देठातून कंदापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या पानांच्या देठांतून बाहेर पडते. एका पानातून दिवसाला बावीस लिटरपर्यंत हवा आत जाते. पंपाशिवाय, विजेशिवाय. हे वाचल्यापासून मी जुनी हिरवी पानं ‘नीट दिसत नाहीत’ म्हणून सरसकट छाटायचं सोडून दिलं. पिवळं पडलेलं पान तेवढं देठासकट, मुळापासून काढायचं. अर्धवट तोडलेला देठ खाली कुजत बसतो.

दुसरी गोष्ट, जमिनीवरच्या बहुतेक झाडांची श्वास घ्यायची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. लिलीची वरच्या बाजूला. खाली तर पाणीच आहे. त्यामुळे पानाचा वरचा भाग सतत भिजत राहिलेला तिला चालत नाही. तळ्यात कारंजं हवंच असेल तर त्याचे तुषार पानांपासून लांब पडतील असं बघा. खरं सांगायचं तर लिली आणि कारंजं यातलं एक निवडा.

कमळ आणि लिली यांत गोंधळ करू नका. आमच्याकडे पहिली लिली आली ती एका नर्सरीने ‘गुलाबी कमळ’ म्हणून दिलेली. लक्ष्मीपूजनाला दादरच्या फूलबाजारातून आपण आणतो ते कमळ. त्याचं पान पाण्याच्या वर हातभर उभं राहतं, पूर्ण गोल असतं आणि त्यावर पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे पळतात. लिलीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. चीर दिसली की कमळ नाही, विषय संपला. जुन्या भाषेत लिली म्हणजे कुमुद, कुमुदिनी, कोकणात पोयणी.

संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी

लिली विकत घेताना लोक रंग बघतात. मुंबईकराने आधी फुलायची वेळ बघावी. बहुतेक लिली दिवसा फुलतात. सकाळी आठ-नऊला उघडतात आणि दुपारी तीन-चारला मिटतात. तुम्ही सकाळची फास्ट पकडून रात्री साडेआठला घरी येत असाल, तर ही लिली तुम्हाला फक्त रविवारी दिसेल. तीन वर्षं माझ्या निळ्या लिलीचा सगळा सोहळा आईने आणि मांजराने पाहिला. मग मी लाल रात्रलिली आणली, शास्त्रीय नाव निम्फिया रुब्रा. ही अंधार पडल्यावर उघडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहापर्यंत उघडी असते. म्हणजे आल्यावर दिसते आणि जातानाही. कमळाचा सोबती सूर्य आणि कुमुदाचा चंद्र असं संस्कृत कवींनी पुन्हा पुन्हा म्हटलंय. मला वाटायचं, कवींचं काहीतरी. रात्रलिली घरात आल्यावर कळलं, ते निरीक्षण आहे.

एक फूल तीन-चार दिवस रोज उघडतं-मिटतं. पहिल्या दिवशीचं फूल जवळून बघा. मधोमध वाटीसारख्या भागात पातळ द्रव भरलेला असतो. दुसऱ्या फुलावरून आलेला कीटक त्यात घसरतो, त्याच्या अंगावरचे परागकण धुतले जाऊन खाली स्त्रीकेसरावर बसतात. कधी कधी बिचारा बुडतोही. पुढच्या दिवसापासून ती वाटी कोरडी होते आणि तेच फूल पराग द्यायला लागतं. असं आलटूनपालटून केल्याने स्वतःचेच पराग स्वतःवर पडत नाहीत. शेवटी देठ स्प्रिंगसारखा वळतो आणि फूल पाण्याखाली ओढून घेतो, फळ तिथेच पिकतं. पाण्याखाली वळलेला देठ बघून रोग पडला समजू नका.

बाजारात लिलीचे दोन गट मिळतात. थंडी सोसणारी ‘हार्डी’, तिचं फूल पाण्याला टेकलेलं असतं आणि कंद आडवा, आल्याच्या कुडीसारखा. आणि उष्ण प्रदेशातली ‘ट्रॉपिकल’, तिचं फूल पाण्याच्या वर वीतभर उभं असतं आणि कंद गोल, सुपारी ते अक्रोडाएवढा. हार्डीच्या बऱ्याच रंगीत जाती फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक यांच्या नर्सरीतून आल्या. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी त्या मांडल्या आणि चित्रकार क्लोद मोने यांनी पुढे आपल्या बागेसाठी तिथूनच लिली मागवल्या. छान आहेत, मुंबईत जगतातही. पण आपल्या दमट उकाड्यात ट्रॉपिकल जास्त खूश असते. नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी. डॉबेन नावाची एक फिकट निळी जात तर पानाच्या मध्यावर, देठ जुळतो तिथेच, नवं पिल्लू रोप तयार करते. पान तोडून चिखलात टेकवलं की झालं नवं झाड.

लावायची कशी

कुंडी नको, पसरट टब घ्या. भोक नसलेला, फूट-सव्वा फूट रुंद, सहा-आठ इंच खोल. जुनं प्लास्टिकचं घमेलं उत्तम. माती साधी, जड, चिकण. शेताच्या बांधावरची किंवा नर्सरीतली लाल माती चालते. घरातल्या कुंड्यांसाठी आपण जे हलकं मिश्रण करतो, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, गांडूळखत, त्यातलं काहीही इथे नको. ते तरंगतं आणि कुजून पाणी नासवतं. तळाशी मूठभर पूर्ण कुजलेलं शेणखत आणि चमचाभर बोनमील (हाडांचा चुरा), त्यावर माती, कंद, आणि सर्वांत वर बोटभर जाड रेती किंवा बारीक खडी. म्हणजे माती उकरली जात नाही. ट्रॉपिकलचा कंद मधोमध, हार्डीचा कडेला तिरका, टोक मधल्या मोकळ्या जागेकडे. दोन्हीचा कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, पुरलात तर कुजतो.

टब आधी विटांवर ठेवून कोंबावर चार-पाच इंच पाणी ठेवा, पानं वर आली की एकेक वीट काढत फूट-दीड फूट खोल न्या. ऊन निदान पाच-सहा तास थेट हवं. समोर टॉवर उभा राहिलाय आणि दोनच तास ऊन येतं, अशी स्थिती असेल तर स्पष्ट सांगतो, पानं येतील, फुलं येणार नाहीत.

अंगण नसेल तर अर्धा कापलेला निळा ड्रम किंवा जुन्या टाकीचा तळ चालतो, शंभर लिटरला एक छोटी लिली. जमिनीत खड्डा खणायचा असेल तर शेततळ्याला वापरतात तो पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा, साधी ताडपत्री उन्हाने दोन वर्षांत फाटते. सिमेंटचा हौद नवा असेल तर त्यातून चुना सुटतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की मासे जगत नाहीत. दोन-तीन आठवडे भरायचा, उपसायचा, परत भरायचा. गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवणाऱ्यांनी एक हिशेब करावा. पाणी लिटरला एक किलो. फूटभर खोल पाण्याचं ओझं चौरस मीटरला तीनशे किलो होतं, आणि राहत्या खोलीचा स्लॅब साधारण दोनशे किलो वापराचं ओझं धरून आखलेला असतो. तेव्हा मोठा हौद स्लॅबवर नको. करायचाच असेल तर इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय नको.

खत महिन्यातून एकदा, फक्त फुलायच्या दिवसांत. चमचाभर डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) कागदात गुंडाळून किंवा चिकण मातीच्या गोळ्यात भरून कंदापासून चार बोटं लांब, चिखलात खोल खुपसायचं. पाण्यात वरून टाकलेलं खत शेवाळाला जातं. ते तुम्हीच शेवाळाला वाढलेलं जेवण.

मासे का मेले

आता पाडव्याच्या त्या प्रकरणाकडे. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो आणि तो माशांना विषारी असतो. जुन्या तळ्यात हौदाच्या भिंतींवर, खडीवर, देठांवर बुळबुळीत थर असतो. आपण ‘घाण’ म्हणून घासतो तो. त्यात दोन प्रकारचे जिवाणू असतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशांना फारसं बाधत नाही आणि लिलीला खत म्हणून लागतं. ही साखळी बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. मी ब्रशने दीड तासात ती साफ केली.

वर नळाचं ताजं पाणी. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा सात तलावांतून येतं आणि शुद्धीकरणात त्यात क्लोरीन घालतात. घालायलाच हवा, आपण तेच पितो. पण क्लोरीनला चांगले जिवाणू आणि वाईट जिवाणू यांतला फरक कळत नाही आणि माशांच्या कल्ल्यांनाही तो झोंबतो. बादलीत उघडं ठेवलेलं पाणी चोवीस तासांत बरंचसं निवळतं. मग घालायचं, आणि तेही एका वेळी एकूण पाण्याच्या दहावा हिस्सा. काढलेली बादली मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं. आमच्या कढीपत्त्याला तीच मिळते आणि तो पहिल्या मजल्यापर्यंत गेलाय. उलट तांदूळ धुतलेलं पाणी, जे कुंड्यांना चालतं, ते तळ्याला अजिबात नाही.

मासे ठेवायचे ते गप्पी. पाच-सहा पुरतात, दोन महिन्यांत मोजता येणार नाहीत इतके होतात. त्यांना खायला घालायची गरज नाही. कोई आणि मोठे गोल्डफिश दिसायला राजबिंडे, पण टबातली माती उकरतात, कोवळे कोंब खातात आणि प्रचंड घाण करतात. लिली हवी की कोई, ठरवा.

डासांचं काय?

हा प्रश्न मला सोसायटीच्या सभेत विचारला गेला, आणि योग्यच होता. या शहराचं साचलेल्या पाण्याशी जुनं भांडण आहे. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला आणि घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवलं; त्यानंतर अनेक विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या. आजही महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात डासांची पैदास होऊ देणाऱ्याला नोटीस आणि दंड आहे.

पण डास पाण्यात होतो म्हणजे कुठल्याही पाण्यात होतो असं नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस अळीला खाणारं कुणी नसेल, असं पाणी त्याला हवं असतं. गप्पी असलेल्या तळ्यात अळी दुसरा दिवस बघत नाही. महापालिका स्वतः विहिरींत आणि टाक्यांत गप्पी सोडते ते याचसाठी. डेंगीचा एडिस डास तर छोटी भांडी शोधतो: कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, ताडपत्रीची घडी. तो अंडी पाण्याच्या कडेला ओल्या भिंतीवर घालतो आणि ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून बशी नुसती रिकामी करून भागत नाही, घासावी लागते. सभेत मी टॉर्च घेऊन सगळ्यांना तळ्यापाशी नेलं. अळी एकही नव्हती. मग आमच्या विंगच्या जिन्यातल्या मनी प्लँटच्या बाटलीत टॉर्च मारला. पुढचं सांगत नाही.

तळ्यातही एक काळजी घ्यायची. पानं फार दाटली, एकमेकांवर चढली की कोपऱ्यात छोटे छोटे खळगे होतात आणि तिथे मासा पोचत नाही. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा तरी मोकळा ठेवा. पाण्यात रॉकेल, फिनेल, निंबोळी तेल काही टाकू नका. आधी मरतील ते गप्पी, आणि मग खरंच डास होतील. आणि गप्पी किंवा जास्तीची लिली पवईच्या तलावात, नाल्यात नेऊन सोडू नका. जलपर्णीचं काय झालंय ते सगळ्यांना दिसतंच.

मुंबईचं वर्ष

इंटरनेटवर लिलीचं वेळापत्रक शोधलं तर हिवाळ्यात कंद काढून वाळूत पुरून तळघरात ठेवा, तळ्यावर बर्फ धरू देऊ नका, असं काय काय सापडतं. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, आणि तेही १९६२ च्या जानेवारीतलं. आपल्याला ते वेळापत्रक लागू नाही. आपल्याला सांभाळायचंय ते मे आणि जुलै.

एप्रिल-मेमध्ये लिली जोरात फुलते, पण पाणी झपाट्याने उडतं. आमच्या हौदात आठवड्याला तीन-चार बोटं पातळी उतरते. रोज रात्री दोन बादल्या भरून ठेवायच्या, दुसऱ्या रात्री ओतायच्या. पाणीकपात असेल तेव्हा मी पातळी उतरू देतो. दीड फूट असलं तरी लिलीचं अडत नाही. खरी अडचण प्राणवायूची. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांत साडेसातच. रात्री ऊन नसल्याने वनस्पती आणि शेवाळही प्राणवायू खातात, त्यामुळे तो सर्वांत कमी असतो पहाटे. मेमध्ये पहाटे पाचला मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून उभे दिसले तर ते भुकेले नसतात, गुदमरत असतात. रात्रीपुरता एक छोटा एअर पंप लावा.

याच दिवसांत मावा पडतो, पानाच्या कडेला काळसर ठिपक्यांची रांग. पाइपने धुऊन पाण्यात पाडा, गप्पी खातात. पतंगाची एक अळी पानाचे गोल तुकडे कापून, दोन तुकडे जोडून त्यात घर करून तरंगत फिरते. ती हाताने वेचायची.

जूनमध्ये पाऊस आला की वेगळंच. आमच्या हौदाचा पृष्ठभाग सव्वादोन चौरस मीटर आहे. म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात सव्वादोनशे लिटर पाणी थेट आकाशातून पडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हौद तेव्हा असता तर त्याच्या एकूण मापाच्या दीडपट पाणी चोवीस तासांत त्यात पडलं असतं. तेव्हा वरून वाहून जायला पाइप हवाच, आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी. पहिल्या पावसाळ्यात माझे गप्पी सोसायटीच्या गटारात गेले. गच्चीचा पाइप तळ्यात सोडू नका, वर्षभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा येते. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे फुलं कमी होतात. घाबरून खत घालू नका. जे लिली खाणार नाही ते शेवाळ खाईल.

पावसाबरोबर चतुर येतात. पाण्यावर शेपूट टेकवत अंडी घालतात आणि त्यांची पाण्यातली पिल्लं डासांच्या अळ्या फस्त करतात. ऑक्टोबरच्या सुमारास थव्याने दिसणारे ते पिवळसर चतुर इथून हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. आमच्या धुण्याच्या दगडाच्या जागेवरून कोणी मोझांबिकला निघालं असेल, ही कल्पना मला फार आवडते.

कावळ्यांचं सांगायलाच हवं. मुंबईतले कावळे पाव भिजवून खातात आणि त्यांना त्यासाठी तळं आवडतं. अर्धा पाव बुडवून, मऊ करून, उरलेला तिथेच सोडून जातात. एकदा तर कोंबडीचं हाड. पावाचा लगदा म्हणजे सरळ अमोनिया, रोज सकाळी गाळणीने काढावा लागतो. खंड्या येतो तो महिन्यातून दोनदा, एक गप्पी घेऊन जातो. त्याला मी काही म्हणत नाही.

ऑक्टोबर हीट आपल्याला नकोशी, लिलीला हवीशी. ऊन परत येतं, पाणी भरलेलं असतं, फुलं मेपेक्षाही चांगली. महिन्याचं खत परत सुरू करायचं आणि डिसेंबरला थांबवायचं. डिसेंबर-जानेवारीत ट्रॉपिकलची पानं लहान होतात, एखादी तर सगळी पानं टाकून कंदावर झोपते. ती मेली समजून टब उपडा करू नका.

फेब्रुवारी संपत आला की माती बदलायची. दीड-दोन वर्षांत टब मुळांनी भरतो, मग फुलं रोडावतात. टब बाहेर काढला की काळा चिखल आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, घरचे नाकाला पदर लावतात. तो वास हवा नसलेल्या मातीत तयार होणाऱ्या वायूचा, मोकळ्यावर आला की जातो. चिखल हाताने चाचपत गेलं की मोठ्या कंदाच्या कडेला चार-पाच छोटे कंद लागतात, सुपारीएवढे, केसाळ. मोठा जुना कंद टाकून दिला तरी चालतो, नवे जास्त जोमाने वाढतात. ते धुऊन मी आइस्क्रीमच्या डब्यात पाणी घालून ठेवतो आणि ज्याला हवं त्याला देतो, सोबत प्लास्टिकच्या पिशवीत चार गप्पी. सध्या आमच्या इमारतीत सहा टब आहेत. त्यातला एक दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा, ज्यांनी सभेत डासांचा प्रश्न विचारला होता. परवा रात्री त्यांचा फोन आला, पाणी हिरवं झालंय, बदलू का म्हणून.